चांगल्या रिवाइंडिंगने वीज किती वाचते : ७५ किलोवॅटच्या इंजेक्शन पंप मोटारींच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : कोल्हापूर जिल्ह्यातील एक साखर कारखाना, इंजेक्शन पंप हाऊस (कंडेन्सरला थंड पाणी पुरवणारे पंप). काळ : ऑफ सीझन आणि त्यानंतरच्या गळीत हंगामाची सुरुवात.

३ जून

पंप हाऊसमध्ये एकाच मेकच्या, एकाच वर्षी घेतलेल्या चार मोटारी आहेत. नेमप्लेट : ७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डेल्टा, १२८ अँपिअर, १४८० आरपीएम, क्लास एफ (इन्सुलेशनचा उष्णता-वर्ग), आयई२ (कार्यक्षमतेचा वर्ग), कार्यक्षमता ९४.० टक्के. हंगामात तीन चालतात, एक स्टँडबाय असते.

१ नंबरचे वाइंडिंग (आतल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी) कंपनीचे मूळ आहे. २ नंबर तीन हंगामांपूर्वी ऐन गाळपात जळली आणि दोन दिवसांत रिवाइंड करून (जुनी तार काढून नवी भरून) परत बसवली. ३ नंबर या मार्चमध्ये जळाली, ती आता भरायची आहे. ४ नंबर मूळ वाइंडिंगची असून स्टँडबायवर फारशी न चालता पडून आहे.

कारखान्याने विचारलेला प्रश्न सरळ आहे. ३ नंबरसाठी दोन दरपत्रके आली आहेत, त्यांत १२,००० रुपयांचा फरक आहे. महाग काम करून घेतले तर वीज किती वाचेल?

हिशेबाला हात घालण्याआधी ‘बचत’ या शब्दाचा अर्थ पक्का करून घेतला. चांगले रिवाइंडिंग मोटारीला नेमप्लेटच्या वर नेते असे समजू नये. ते मोटारीला खाली पडू देत नाही, इतकेच. म्हणून इथे बचत म्हणजे वाईट रिवाइंडिंगमुळे जो जादा तोटा झाला असता, तो टळणे. त्यासाठी ‘वाईट’ किती वाईट हे माहीत हवे, आणि ते सांगणारी २ नंबर जागेवरच उभी आहे. एकाच मेकची मूळ मोटार आणि घाईत भरलेली मोटार शेजारी शेजारी मिळणे ही फार चांगली संधी आहे.

‘प्रत्येक रिवाइंडिंगला दोन-तीन टक्के कार्यक्षमता जाते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. ते इथे वापरणार नाही. ईएएसए आणि एईएमटी या दुरुस्ती व्यवसायातील दोन संघटनांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोटारी नॉटिंगहॅम विद्यापीठात तपासल्या होत्या. काळजीपूर्वक भरलेल्या गटात सरासरी घट ०.१ टक्का निघाली. प्रक्रियेवर खास नियंत्रण न ठेवलेल्या गटात, जादा ग्रीसचा परिणाम वजा केल्यावर, ती ०.४ टक्क्याच्या आसपास होती. सरसकट दोन-तीन टक्के धरून काढलेली बचत कागदावर छान दिसते, मीटरवर सापडत नाही.

६ जून

गेल्या हंगामातले रीडिंग काढून पाहिले. पॉवर अॅनालायझरवर १ नंबर ६३.९ किलोवॅट घेत होती, २ नंबर ६३.८. म्हणजे जिच्यावर संशय आहे तीच मोटार कमी वीज घेते!

याचे कारण मोटारीत नाही. दोन्ही पंपांचे इंपेलर सारखे झिजलेले नाहीत, स्प्रे पाँडची (पाणी फवारून थंड करण्याच्या तळ्याची) पातळी दिवसभर हलते आणि व्होल्टेज ४०५ ते ४२० मध्ये फिरते. आपण शोधतो तो फरक असेल अर्धा ते एक किलोवॅट, म्हणजे ६४ मधला एक टक्का. क्लॅम्पवाल्या अॅनालायझरची स्वतःची चूकच एक-दोन टक्क्यांची असते. ‘आधी इतकी घ्यायची, आता इतकी घेते’ या पद्धतीने रिवाइंडिंगची बचत सिद्ध होत नाही, आणि ती झाल्याचा दावा कुणी केला तर आधी पंपाची अवस्था विचारावी.

म्हणून मोठ्या आकड्यातला लहान फरक मोजायचा नाही, थेट तोटाच मोजायचा. इनपुटमध्ये जो फरक एक टक्क्याचा आहे, तोच नो-लोड पॉवरमध्ये (मोटार भाराशिवाय चालताना घेते ती वीज) तीस-चाळीस टक्क्यांचा दिसतो. पद्धत आयएस १५९९९ या भारतीय मानकातल्या लॉस सेग्रिगेशनची : स्टेटर कॉपर (स्थिर भागाच्या वाइंडिंगमधला), रोटर (फिरत्या भागातला), कोअर (लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यातला), घर्षण-हवा आणि स्ट्रे (भारामुळे होणारा उरलेला) असे तोट्याचे पाच भाग वेगळे काढायचे. तुलनेसाठी शाफ्टवरचा भार सगळ्यांना सारखा, ६० किलोवॅट धरला. वरच्या दोन्ही रीडिंगमधून तोटा वजा केला की भार याच्याच अलीकडे-पलीकडे येतो.

९ जून

१ आणि २ नंबरचे वाइंडिंग रेझिस्टन्स घेतले. मोटारी रात्रभर थंड, केबल काढलेली, चार तारी मायक्रोओहम मीटर थेट टर्मिनल स्टडवर. साध्या मल्टिमीटरने हे काम होत नाही, कारण मोजायचा आकडा ५० मिलिओहम आणि लीडचाच रेझिस्टन्स शंभर-दोनशे असतो.

आतला पारा २८ वर होता. दोन्ही आकडे ३०°से वर आणले : (२३४.५ + ३०) भागिले (२३४.५ + २८) ने गुणायचे. दोन अंशांना पाऊण टक्का फरक पडतो, त्यामुळे तापमान न लिहिलेले रेझिस्टन्सचे रीडिंग टाकून द्यावे.

१ नंबर : तिन्ही लाइनमध्ये ५०.६ मिलिओहम.
२ नंबर : ६०.०, ६०.१, ६०.३ मिलिओहम.

१९ टक्के जास्त. तिन्ही फेज जवळपास सारख्या आहेत, म्हणजे जोड सैल नाही. सगळेच वाइंडिंग जादा रेझिस्टन्सचे आहे. एंड कव्हर काढून ओव्हरहँगमधल्या (कॉइलचा कोअरबाहेर आलेला भाग) एका तारेचे इनॅमल खरवडले आणि मायक्रोमीटर लावला : १.०२ मिमी. म्हणजे १९ गेज (आकडा मोठा तितकी तार बारीक). कॉइलच्या शेंड्याशी मोजल्या पाच तारा. मूळ डेटा शीटवर चार तारा १८ गेज आहे.

हा बदल कसा होतो ते समजून घेण्यासारखे आहे. १८ गेजची एक तार १.१६७ चौरस मिमी, चार मिळून ४.६७. १९ गेजची एक तार ०.८११, पाच मिळून ४.०५. ‘एक गेज बारीक घेतली, पण एक तार वाढवली’ म्हटले की ऐकणाऱ्याला बरोबरी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तांबे १३ टक्के कमी झाले आणि रेझिस्टन्स १५ टक्के वाढला. १९ गेजमध्ये बरोबरी साधायला सहा तारा लागतात (४.८७). पाच तारा स्लॉटमध्ये सहज बसतात, हात दुखत नाहीत, काम लवकर उरकते. उरलेले तीन-साडेतीन टक्के लांब ओव्हरहँगमुळे. मूळ ओव्हरहँग कोअरच्या तोंडापासून ८० मिमी बाहेर आहे, २ नंबरचा ९३. फर्मा (कॉइल गुंडाळण्याचा साचा) मोठा घेतला की कॉइल पटापट आत जाते, आणि जादा तांबे हंगामभर गरम होत बसते.

१२ जून

नो-लोड टेस्ट, वर्कशॉपच्या टेस्ट पॅनलवर. कपलिंग सोडवून, दोन तास मोकळी चालवून, पॉवर स्थिर झाल्यावर व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) ४१५ पासून १२५ व्होल्टपर्यंत सहा पायऱ्यांनी खाली आलो. प्रत्येक पायरीला तिन्ही करंट, किलोवॅट, व्होल्ट. शेवटच्या पायरीनंतर लगेच रेझिस्टन्स.

एक चूक इथे हमखास होते. नो-लोडला पॉवर फॅक्टर ०.०५ ते ०.१ इतका खाली असतो. साधे किलोवॅट मीटर तिथे काहीही दाखवते. कमी पॉवर फॅक्टरला चालणारे मीटर नसेल तर टेस्ट घेऊ नये.

४१५ व्होल्टला १ नंबर ३८ अँपिअर, १.५१ किलोवॅट. २ नंबर ४० अँपिअर, २.०५ किलोवॅट.

यातून नो-लोड कॉपर लॉस वजा केला (१.५ × करंटचा वर्ग × लाइन रेझिस्टन्स) : १ नंबरला ०.११, २ नंबरला ०.१५. उरलेली पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर मांडली आणि खालच्या बिंदूंमधून सरळ रेघ शून्य व्होल्टपर्यंत ओढली. रेघ जिथे उभ्या अक्षाला भेटते तो घर्षण-हवेचा तोटा. १ नंबर ०.४५, २ नंबर ०.५५. शिल्लक राहिला तो कोअर लॉस : १ नंबर ०.९५ किलोवॅट, २ नंबर १.३५.

कोअर लॉस ४० टक्क्यांहून जास्त वाढलेला आहे. कॉइल सहज निघाव्यात म्हणून गॅस बत्तीने तापवल्याच्या खुणा बोअरमध्ये (स्टेटरच्या आतल्या पोकळीत) आहेत : तीन ठिकाणी दातांवर (दोन स्लॉटमधल्या लोखंडावर) निळसर-जांभळे पट्टे. स्टॅम्पिंगच्या दोन पत्र्यांमध्ये केसाहून पातळ इन्सुलेशनचा थर असतो. बत्तीच्या ज्योतीखाली तो जळतो, पत्रे आपसात चिकटतात आणि कोअरमध्ये एडी करंट (लोखंडातच घुमणारा प्रवाह) मोकळा फिरतो. हे नुकसान वाइंडिंग बदलून भरून येत नाही.

१४ जून

२ नंबरच्या ०.५५ चा जाब बेअरिंगला विचारला. कव्हर उघडले तर ग्रीस गच्च भरलेले. पोकळी काठोकाठ, रिलीफ प्लगसुद्धा ग्रीसने बंद. साफ करून, बेअरिंग भरून आणि कव्हरच्या पोकळीत एक तृतीयांश ग्रीस ठेवून पुन्हा चालवली. घर्षण-हवा ०.४७.

हे ०.०८ किलोवॅट रिवाइंडिंगच्या खात्यावर जमा करायचे नाहीत. ते ग्रीस गनचे आहेत. यापुढच्या सगळ्या हिशेबात २ नंबरसाठी ०.४७ च धरायचे.

१८ जून

३ नंबर उघडली. बारापैकी चार पोल-ग्रुप (कॉइलींचे गट) काळे, सारख्या अंतराने, चारही पोलवर. बाकीचे आठ जवळजवळ जसेच्या तसे. डेल्टा मोटारीत एकच फेज अशी जळते तेव्हा सप्लायची एक फेज गेलेली असते. बेअरिंग ठीक, रोटरला घासल्याची खूण नाही. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरचा मधला कॉन्टॅक्ट खड्डे पडून पांढरा झाला आहे. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारे साधन) बायपास केलेला सापडला. हे दुरुस्त झाल्याशिवाय नवे वाइंडिंग पंपावर चढवायचे नाही, असे लेखी दिले.

कॉइल कापण्याआधी नोंद : ४८ स्लॉट, डबल लेयर लॅप, पिच १ ते ११ (कॉइलची एक बाजू पहिल्या स्लॉटमध्ये, दुसरी अकराव्या), कॉइलला १६ फेरे, ४ तारा १८ गेज, ४ पॅरलल, डेल्टा. कोअर लांबी २४० मिमी, बोअर २९०, बाहेरचा व्यास ४४५, स्लॉट खोली ३३. ओव्हरहँग कनेक्शनच्या बाजूला ८२, दुसऱ्या बाजूला ८० मिमी. एक फेरा सरासरी १.२४ मीटर (एक अख्खी कॉइल कापून, पसरून मोजला).

या आकड्यांवरून रेझिस्टन्स काढून पाहिला. एका पाथमध्ये ४ कॉइल × १६ फेरे × १.२४ = ७९.४ मीटर तार. ४.६७ चौरस मिमीला ३०°से वर ०.३०४ ओहम. चार पाथ पॅरलल, म्हणजे फेजला ७६ मिलिओहम, डेल्टात लाइन-लाइन त्याचे दोन तृतीयांश : ५०.७. १ नंबरवर प्रत्यक्ष मोजलेला ५०.६. म्हणजे नोंद बरोबर आहे आणि ही मोटार पूर्वी कुणी ‘सोपी’ केलेली नाही.

२१ जून

जुने इन्सुलेशन जाळण्याआधीची कोअर टेस्ट (कोअरमध्ये फ्लक्स निर्माण करून त्याचा तोटा मोजणे). ही न घेता स्टेटर भट्टीत घातला तर नंतर कोअर बिघडला की आधीच बिघडलेला होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

बॅक आयर्नची (स्लॉटमागच्या लोखंडी कड्याची) खोली : (४४५ − २९०) ÷ २ − ३३ = ४४.५ मिमी. लोखंडाची प्रभावी लांबी २४० × ०.९५ = २२८ मिमी. क्षेत्रफळ ०.०१०१५ चौरस मीटर. १.३२ टेस्ला फ्लक्ससाठी एका फेऱ्याला ४.४४ × ५० × १.३२ × ०.०१०१५ = २.९७ व्होल्ट. जाड केबलचे आठ फेरे बोअरमधून घेतले, म्हणजे साधारण २४ व्होल्ट. फ्लक्स ठरवताना केबलचे व्होल्ट पाहत नाही, त्यात केबलचा ड्रॉप मिसळतो. वेगळी एक फेऱ्याची बारीक तार घालून तिच्यावर २.९७ येईपर्यंत व्हेरिअॅक वाढवला.

वॅटमीटरवर ४०३ वॅट. बॅक आयर्नचे वजन ९८ किलो, म्हणजे किलोला ४.१ वॅट. अर्धा तास चालू ठेवून हात आणि इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. जळलेल्या फेजच्या स्लॉटजवळही हॉट स्पॉट नाही, सगळीकडे फरक ४ अंशांच्या आत. आजूबाजूपेक्षा १० अंशांहून जास्त तापलेली जागा सापडली असती तर आधी ती सोडवावी लागली असती.

२४ जून

एका बाजूचा ओव्हरहँग कटरने कापला. छिन्नी-हातोडा नाही, शेवटचे पत्रे तिथेच फाकतात.

नंतर बर्न-आउट ओव्हन. आमच्या मते सगळ्या प्रकल्पातली सर्वांत निर्णायक पायरी हीच, म्हणून तिची नोंद सविस्तर. मर्यादा ३७०°से, सेटिंग ३६०. हे तापमान ओव्हनच्या हवेचे नव्हे, कोअरचे. थर्मोकपल स्टेटरच्या दातांमध्ये घट्ट बसवलेले. इन्सुलेशन स्वतः पेटते तेव्हा ओव्हनचा काटा ३६० वर स्थिर दिसतो आणि कोअर मात्र ४५० च्या पुढे गेलेला असतो. म्हणून वॉटर स्प्रेची व्यवस्था हवी, आणि ती कोअरच्या थर्मोकपलवर चालणारी. एका वेळी एकच स्टेटर. दोन-तीन स्टेटर एकमेकांवर रचले की मधल्याचा धूर बाहेर पडत नाही, आणि तोच सगळ्यांत जास्त तापतो.

सात तास. कोअरवर नोंदलेले सर्वाधिक तापमान ३६४. स्टेटर ओव्हनमध्येच थंड होऊ दिला.

ऑफ सीझनमध्ये सगळ्या कारखान्यांच्या मोटारी एकदमच वर्कशॉपमध्ये येतात. ओव्हनला नंबर लागत नाही म्हणून रात्री मागच्या अंगणात लाकूड-डिझेलवर स्टेटर जाळले जातात. ऑर्डरमध्ये ‘कोअर टेस्ट, आधी आणि नंतर, दोन्ही आकडे लेखी’ ही एक ओळ घातली की ते थांबते. तपासले जाणार हे माहीत असलेले काम वेगळ्या हाताने होते.

२६ जून

कॉइली कनेक्शनच्या बाजूने ओढून काढल्या, फारसा जोर लागला नाही. स्लॉट पितळी ब्रशने साफ. कानस आणि ग्राइंडर यांना मनाई : दातांवर कानस चालली की पत्र्यांच्या कडा एकमेकींवर पसरतात आणि तिथेच शॉर्ट होतो.

कोअर टेस्ट पुन्हा, तेच आठ फेरे, तेच २.९७ व्होल्ट : ४१२ वॅट. वाढ सव्वादोन टक्के. २० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते असे दुरुस्तीच्या प्रचलित शिफारशी सांगतात. आमची अपेक्षा पाचच्या आत होती.

१ जुलै

तार आली : १८ गेज, ड्युअल कोट. प्रत्येक रीलचे टोक खरवडून, इनॅमल जाळून, मायक्रोमीटर. अपेक्षित १.२१९ मिमी. तीन रील बरोबर, चौथे १.२०. ते परत केले. दीड टक्का बारीक म्हणजे क्षेत्रफळ तीन टक्के कमी.

९ जुलै

वाइंडिंग पूर्ण. फर्म्याची लांबी मूळ कॉइलवरून घेतली, मग एक कॉइल बसवून पाहिली आणि फर्मा आणखी थोडा आखूड केला. ओव्हरहँग आता ७८ मिमी. एवढा आखूड ओव्हरहँग भरताना कॉइलचे कोपरे स्लॉटच्या तोंडाशी घासू शकतात, म्हणून लायनर दोन्ही टोकांना मुडपून घेतले. वेळ दीड दिवस जास्त लागला.

डबल लेयर लॅप आणि पिच १ ते ११ तेच ठेवले. सिंगल लेयर कॉन्सेंट्रिक भरले असते तर निम्म्याच कॉइली घालाव्या लागल्या असत्या आणि मजुरी वाचली असती. पण शॉर्ट पिचमुळे दबणारे हार्मोनिक मोकळे होतात आणि स्ट्रे लॉस वाढतो. हा तोटा नो-लोड टेस्टमध्ये दिसत नाही, रेझिस्टन्समध्येही दिसत नाही. म्हणून त्याला एकच उपाय : वाइंडिंगची मूळ मांडणी बदलू नये.

तांब्याचे वजन इनॅमलसकट ३९.८ किलो. जोड ब्रेझिंगने, नुसते पिळून सोल्डर नाही. रेझिस्टन्स ३०°से ला आणून : ५०.१, ५०.२, ५०.१. मूळपेक्षा एक टक्का कमी.

१२ जुलै

वार्निश. बाहेर पावसाची झड, वर्कशॉपमध्ये दमटपणा. ओलसर वाइंडिंगवर वार्निश चढवले तर ओल आतच कोंडली जाते. आधी ११०°से वर चार तास भाजून, ६० पर्यंत उतरवून मग बुडवले. निथळणे, बेक, दुसरा डिप, पुन्हा बेक.

थंड झाल्यावर मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स) हजार मेगओहमच्या वर, पोलरायझेशन इंडेक्स (दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या मेगर रीडिंगचे गुणोत्तर) ३ च्या वर. सर्ज टेस्टला (फेऱ्यांमधल्या इन्सुलेशनची तपासणी) तिन्ही फेजच्या लाटा एकावर एक. हायपॉट (जादा व्होल्टेजची चाचणी) १,८३० व्होल्ट, एक मिनिट, पास.

१८ जुलै

नवी बेअरिंग, मूळ नंबर आणि मूळ क्लिअरन्सची. पंखा जुनाच, तो तुटला असता तरी ‘जरा मोठा बसवू, थंड राहील’ ही सूचना मानली नसती. पंखा मोठा झाला की मोटार चालेल तेवढा सगळा वेळ हवेचा तोटा वाढतो.

नो-लोड, दोन तासांनी : ३८ अँपिअर, १.५२ किलोवॅट. कॉपर ०.११, घर्षण-हवा ०.४५, कोअर ०.९६.

२५ जुलै

आता हिशेब. शाफ्टवर ६० किलोवॅट, करंट १०५ अँपिअर.

स्टेटर कॉपर = १.५ × १०५ × १०५ × गरम रेझिस्टन्स. २ नंबरचे वाइंडिंग चालू भाराला ९५°से (गेल्या हंगामात थांबवल्याबरोबर घेतलेल्या रेझिस्टन्सवरून). ३ नंबरसाठी सध्या ८८ धरले, हंगामात तपासायचे.

२ नंबर : स्टेटर १.२४, रोटर ०.६६, कोअर १.३५, घर्षण-हवा ०.४७, स्ट्रे ०.५१. एकूण ४.२३ किलोवॅट. इनपुट ६४.२३, कार्यक्षमता ९३.४ टक्के.

३ नंबर : स्टेटर १.०१, रोटर ०.६६, कोअर ०.९६, घर्षण-हवा ०.४५, स्ट्रे ०.५१. एकूण ३.५९ किलोवॅट. इनपुट ६३.५९, कार्यक्षमता ९४.४ टक्के (हा आकडा ६० किलोवॅट भाराचा, नेमप्लेटचे ९४.० पूर्ण ७५ चे).

फरक ०.६४ किलोवॅट. त्यातले ०.३९ कोअरचे, ०.२३ तांब्याचे, ०.०२ किरकोळ. रिवाइंडिंगची चर्चा नेहमी तारेच्या गेजपाशी थांबते. इथे साठ टक्के तोटा तार हातात घेण्याआधीच, जाळताना झालेला आहे.

दोन्हींचे रोटर सारखेच असल्याने त्यांचा तोटा दोन्हीकडे सारखा धरला. स्ट्रे मोजलेला नाही, दोन्हीला सारखाच आकडा लावला. २ नंबरचा स्ट्रे प्रत्यक्षात जास्त असण्याची शक्यता आहे, म्हणजे अंदाज चुकलाच तर कमी धरण्याच्या बाजूने चुकेल. वाइंडिंगच्या तापमानातले ५ अंश इकडे-तिकडे आणि कोअर लॉस वेगळा काढण्यातली चूक धरून ०.५५ ते ०.७० असा पट्टा लिहिला. एकच आकडा मागितला तर ०.६४, पण पट्ट्यासकट.

३० जुलै

तास. इंजेक्शन पंप गाळपाबरोबर अखंड चालतो. १३० दिवस × २३ तास = २,९९०, म्हणजे ३,०००. हंगामाला १,९२० युनिट. पट्ट्याने १,६५० ते २,१००.

रुपये करताना एक गोष्ट निसटते. हंगामात कारखाना स्वतःच्या टर्बाइनवर चालतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. त्यामुळे पंप हाऊसमध्ये वाचलेल्या युनिटची किंमत महावितरणच्या औद्योगिक दराने लावायची नाही. ते युनिट निर्यातीत जाते, म्हणून खरेदी करारातला दर लावायचा. गोल ५ रुपये धरले तर हंगामाला ९,६०० रुपये. १२,००० च्या फरकाला सव्वा हंगाम.

हीच मोटार सूतगिरणीत वर्षाला ८,००० तास चालली असती तर ५,१०० युनिटच्या वर. तास विचारल्याशिवाय कुणालाही बचतीचा आकडा सांगू नये.

या रकमेत वाइंडिंगचे आयुष्य धरलेले नाही. ७ अंश कमी तापलेले वाइंडिंग जास्त टिकते, आणि गाळप चालू असताना पंप बंद पडण्याची किंमत या सगळ्या युनिटांपेक्षा मोठी असते. पण ती वीजबचत नव्हे, म्हणून वेगळ्या ओळीत लिहिली, रकमेशिवाय.

५ ऑगस्ट

२ नंबरचे काय करायचे? पुन्हा नीट भरली तर तांब्याचे ०.२३ किलोवॅट परत मिळतील, हंगामाला ६९० युनिट. कोअरचे ०.३९ मिळणार नाहीत. अख्ख्या रिवाइंडिंगचा खर्च एवढ्यासाठी करण्यात अर्थ नाही.

नवी आयई३? आयएस १२६१५ प्रमाणे ७५ किलोवॅट चार पोलला ९५.० टक्के. ६० किलोवॅटला इनपुट ६३.१६, म्हणजे २ नंबरपेक्षा १.०७ कमी. पण आयई३ ची स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर राहण्याचे प्रमाण) सहसा कमी असते, म्हणजे ती थोडी जास्त वेगाने फिरते. ही मोटार या भाराला १४८४ वर चालते. नवी १४८८ वर गेली तर पंपाची पॉवर वेगाच्या घनाने वाढून ६०.४९ होते, इनपुट ६३.६७, आणि बचत ०.५६ वर येते. पाणी थोडे जास्त येईल, पण व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे ते कुणाला नको आहे. इंपेलर ट्रिम करणार असाल तरच १.०७ चा आकडा खरा. रिवाइंडिंगच्या हिशेबात ही अडचण येत नाही. रोटर तोच, वेग तोच.

मग ४ नंबर आठवली. मूळ वाइंडिंग, मूळ कोअर, स्टँडबायवर धूळ खात पडलेली, आणि सगळ्यांत तोट्याची २ नंबर हंगामभर चालते. दोघींची अदलाबदल करायची. खर्च म्हणजे चेन ब्लॉक, चार माणसे, अलाइनमेंटचा एक दिवस. बचत ३ नंबरइतकीच, ०.६४ च्या आसपास.

११ ऑगस्ट

४ नंबरची मेगर पाच मेगओहम. पावसाळ्यात पडून राहिल्याचा परिणाम. कव्हर काढून, बल्ब लावून दोन दिवस सुकवली : ४०० च्या वर. रेझिस्टन्स ५०.६, नो-लोड १.५० किलोवॅट. २ नंबरच्या जागी बसवली, डायल गेजने अलाइनमेंट ०.०५ मिमीच्या आत. स्टँडबायवर गेलेल्या २ नंबरला स्पेस हीटर जोडला.

३ नंबरच्या स्टार्टरमध्ये नवा कॉन्टॅक्ट किट. प्रिव्हेंटरचा बायपास काढला, फ्यूज काढून ट्रिप तपासली : ४ सेकंद.

२६ नोव्हेंबर

गाळप सुरू. ३ नंबर सहा तास भारावर चालवून थांबवली. रेझिस्टन्स ३० व्या सेकंदापासून दर २० सेकंदांनी दहा वेळा घेतला, रेघ मागे शून्य सेकंदापर्यंत नेली : ६०.९ मिलिओहम. म्हणजे ८७°से. धरलेले ८८ होते. स्टेटर कॉपर १.०१ च राहतो, २५ जुलैचा हिशेब बदलत नाही.

तिन्ही चालू मोटारींना अवर मीटर लावले. पुढची नोंद हंगाम संपल्यावर, प्रत्यक्ष तासांवरून.